काचधाग्याचं ब्लाइंड कापड: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. पश्चिमेच्या रुंद खिडकीसाठी मी आता हेच कापड सुचवतो. बेडरूमच्या छोट्या खिडकीला त्याची गरज नाही. आणि ज्या कारागिराकडे रोल पूर्ण उलगडेल एवढं सपाट टेबल नाही, त्याच्याकडून हे बनवून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्तात देवो.

गोरेगाव पूर्वेच्या गाळ्यात आम्ही रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे खिडकीचे पडदे, बनवतो. इतकी वर्षं पॉलिएस्टरवर काम चाललं होतं. होळीच्या सुमारास काचधाग्याचं, म्हणजे फायबरग्लासचं, कापड सुरू केलं आणि एक ब्लाइंड कांदिवलीला माझ्याच हॉलच्या खिडकीवर चढवला, म्हणजे लोकांना सांगताना ऐकीव बोलायला नको.

आत काचेचे बारीक तंतू एकत्र केलेला धागा असतो, त्यावर पीव्हीसीचा लेप आणि मग विणकाम. नेहमीच्या मालात वजनाने ३६ टक्के काच आणि ६४ टक्के पीव्हीसी असं प्रमाण असतं. चौरस मीटरला साधारण अर्धा किलो भरतं. काच ताणली जात नाही, दमटपणाने फुगत नाही, उन्हाने सैल पडत नाही, म्हणून ब्लाइंड वर्षभर त्याच मापाचा राहतो. पॉलिएस्टरचा लांब ब्लाइंड उन्हाळ्यात किंचित लोंबतो आणि खालची पट्टी खिडकीच्या कट्ट्याला टेकते, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. काचधाग्याच्या एकाही ब्लाइंडबद्दल अजून तसा फोन आलेला नाही.

पण हाच गुण हाताळताना वैरी होतो. मंगलदास मार्केटातल्या ताग्यांची सवय असलेला माणूस कापड हातात आलं की घडी घालायला जातो. इथे घडी म्हणजे संपलं. वळणावर आतले तंतू तुटतात, पांढरट रेघ उमटते आणि ती इस्त्रीनेही जात नाही, वजन ठेवूनही जात नाही. उन्हासमोर लटकवल्यावर तर तीच रेघ सगळ्यात आधी दिसते. रोल आडवाच ठेवायचा, आतल्या पुठ्ठ्याच्या नळीला दोन्ही टोकांना आधार देऊन. उभा करून भिंतीला टेकवला की खालच्या टोकाचे पदर चेपतात. आमच्याकडे एका पुरवठादाराच्या टेम्पोतून आलेला रोल असाच उभा प्रवास करून आला होता. काठाजवळचा वीतभर भाग कापून फेकावा लागला आणि भरपाईच्या नावाने शंख. आता माल उतरवण्याआधीच फोटो काढतो.

मुंबईची खरी अडचण मात्र लिफ्टची. अडीच मीटर पन्ह्याचा रोल किंवा तेवढाच तयार ब्लाइंड जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि 'थोडा वाकवून घेऊ या' म्हणायची सोय नाही. जिन्याने न्यायचं, वळणावर दोघांनी उचलून. दादरला एका काकूंकडे चौथ्या मजल्यावर असा ब्लाइंड चढवताना त्यांचा नातू म्हणाला, "काका, मधे दुमडून आणला असता तर?" माझ्या मदतनिसाने त्याच्याकडे असं पाहिलं की पोराने पुन्हा तोंड उघडलं नाही. मजला, जिन्याची रुंदी आणि लिफ्टची उंची मी आता खिडकीच्या मापाबरोबरच लिहून घेतो.

कापण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच जन्मतात. काच पात्याची धार भराभर खाते. बोथट पातं धागा कापण्याऐवजी ओढतं, काठ फसकतो आणि पुढे महिन्याभरात बाजूने केसासारखे धागे लोंबायला लागतात. म्हणून फिरत्या पात्याचा कटर वापरा आणि पातं बदलताना कंजुसी करू नका. पॉलिएस्टर अल्ट्रासॉनिक मशीनवर कापताना काठ वितळून आपोआप बंद होतो. इथे फक्त वरचा लेप वितळतो, काच तशीच राहते. ती मऊ व्हायला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं. दुसरं म्हणजे धाग्याच्या ओळीमागे जाऊ नका. विणताना आडवा धागा किंचित कमानदार झालेला असू शकतो. गुण्या लावून काटकोन काढा आणि त्यानेच कापा. बाजू तिरकी गेली की ब्लाइंड गुंडाळताना एका बाजूला सरकत जातो, आणि गिऱ्हाईक बिचारं साखळीला दोष देतं.

खालची पट्टी ज्यात बसते तो नेफा शिलाईपेक्षा वेल्डिंगने चांगला होतो. सुई काचेचे तंतू तोडते आणि प्रत्येक भोकातून उन्हाचा ठिपका दिसतो. वेल्डिंगमध्ये लेपाला लेप चिकटतो, काचेला काही होत नाही. तापमान वाढलं की लेप पिवळसर पडतो आणि नाकाला झोंबणारा वास येतो. जळक्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तेव्हा पंखा आणि खिडकी दोन्ही चालू हवीत. रोज कामाआधी कात्रणावर चाचणी घ्या, कारण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मशीन एकाच आकड्यावर सारखं वागत नाही.

खाज सुटते का? सुटते. कापताना उडालेले तुकडे मनगटाला आणि मानेला टोचतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, नाहीतर खाज साऱ्या घराला होईल. भीती मात्र आवरती घ्या: हा अखंड तंतू जाड असतो, फुप्फुसात खोल जाणारा नव्हे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ च्या अहवालात त्याला तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो असं वर्गीकरण करता येत नाही असा गट. तयार ब्लाइंडमध्ये काच लेपाखाली असते, घरात कोणाला खाजत नाही.

रुंद ब्लाइंडला नळी जाड घ्या. पातळ नळी मधे झोळते आणि कापडावर व्ही आकाराच्या चुण्या पडतात. पॉलिएस्टर थोडं ताणून ते झाकतं, काचधागा झाकत नाही. पत्र्याची जाडी तीच ठेवून ३८ मिलिमीटरऐवजी ५० ची नळी घेतली तर ताठपणा दुपटीहून जास्त होतो. इथे पैसे वाचवू पाहणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कामच घेत नाही.

आता घरची खिडकी. मुंबईत मेच्या मध्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्या दिवसांत छज्जा पुरतो. चारनंतर ऊन आडवं येतं आणि छज्ज्याचा उपयोग संपतो. मी तीन टक्के उघडीपीचं, म्हणजे विणीत तेवढी जागा मोकळी असलेलं, गडद राखाडी कापड घेतलं. चकाकी गेली, टीव्ही दिसायला लागला, बाहेरची नॅशनल पार्ककडची हिरवळ नाही पण समोरच्या टॉवरचे तपशील दिसतात. गडद कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, फिकट कापड उष्णता जास्त परतवतं. दोन्ही हवं तर बाहेरून फिकट आणि आतून गडद असं दुरंगी कापड मिळतं, तेच घ्यायला सांगेन. उकाडा पूर्ण थांबतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं, आतला ब्लाइंड त्यातलं काही परत पाठवतो आणि बाकीचं स्वतः तापून खोलीत सोडतो. बाहेरून लावला तर फरक मोठा, पण बाहेरच्या भिंतीला हात लावू देणारी सोसायटी मला अजून भेटायची आहे.

रात्री दिवा लागला की खेळ उलटतो. आपल्याला बाहेरचं दिसत नाही, समोरच्या इमारतीला आपलं जेवणाचं ताट दिसतं. म्हणून बेडरूमला नको म्हणालो. तिथे जाड पडदा लागणारच असेल तर आधी हा खर्च कशाला?

पावसाळ्यात कापड स्वतः पाणी पीत नाही, पण त्यावर बसलेली धूळ पिते. जुलैत खालच्या पट्टीजवळ दोन-तीन काळपट ठिपके आले, ओल्या मऊ ब्रशने आणि सौम्य साबणाने गेले. थिनर किंवा फिनाइल लावू नका, लेप खराब होतो. आणि ओला ब्लाइंड गुंडाळू नका.

कात्रणांचं काय करायचं हे मात्र सुटलेलं नाही. काच आणि पीव्हीसी सहज वेगळे करता येत नसल्याने भंगारवाला रोलची पुठ्ठ्याची नळी नेतो, तुकड्यांकडे बघतही नाही. मोठे तुकडे मी नमुने म्हणून ठेवतो आणि माप घ्यायला जाताना सोबत नेतो. दुपारी चारनंतरची वेळ मागतो, तुकडा गिऱ्हाइकाच्या खिडकीला धरतो, आणि मग रंग ठरतो.