ल्युसर्न की इंटरलाकेन? मुक्काम ढगाळ दिवस डोळ्यांपुढे ठेवून ठरवा

टूर कंपनीशिवाय स्वित्झर्लंडला निघालेल्यांची गाडी हमखास एका प्रश्नाशी अडते. हाताशी पाच रात्री आहेत, तर मुक्काम ल्युसर्नला करायचा की इंटरलाकेनला? मी दोन्हीकडे राहिले आहे, एकदा आई-बाबांना घेऊन आणि एकदा शाळकरी मुलांबरोबर. ऊन पडलं तर दोन्ही गावं सारखीच वेड लावतात, त्यामुळे चांगल्या दिवसांचे फोटो बघून निर्णय होत नाही. आल्प्समध्ये ऐन जुलैतही दोन-तीन दिवस ढग मुक्कामाला येतात. त्या दिवसांत घरच्या मंडळींना घेऊन तुम्ही काय करणार, हे आधी ठरवा. मग गाव आपोआप ठरतं.

ल्युसर्न हे सरोवराच्या टोकाशी वसलेलं जुनं शहर. झुरिक विमानतळावरून थेट गाडी आहे आणि तासाभरात तुम्ही पोहोचता. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, बॅगा आणि पेंगुळलेली मुलं सोबत असताना, गाडी बदलावी न लागणं किती मोलाचं असतं ते तेव्हाच कळतं. इंटरलाकेनला जायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात आणि बहुतेक वेळा बर्नला गाडी बदलावी लागते. ते थुन आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांमधल्या सपाटीवर आहे. नावाचा अर्थही ‘सरोवरांच्या मधे’ असाच. तिथे ओस्ट आणि वेस्ट अशी दोन स्टेशनं आहेत. डोंगराकडच्या गाड्या ओस्टवरून सुटतात, म्हणून हॉटेल घेताना स्टेशनचं नाव नीट वाचा.

आता डोंगर. इंटरलाकेनकडे जाणारे बहुतेक जण युंगफ्राउयोखसाठी जातात. ३,४५४ मीटरवरचं हे युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाच्या कल्पनेवर १८९६ मध्ये काम सुरू झालं. तीनच वर्षांत तो वारला, आणि गाडी वरपर्यंत पोहोचायला १९१२ साल उजाडलं. आयगर आणि म्योंख या दोन शिखरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा आहे. वर पोहोचल्यावर समोर आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, वीसेक किलोमीटर पसरलेली दिसते. तिच्यासमोर माणूस काही वेळ गप्प होतो. माझे बाबा तर चहा विसरले होते.

पण हे सगळं दिसलं तर. ढगात गेलात तर खिडकीबाहेर फक्त पांढरा भिंतीसारखा रंग, आणि त्यासाठी इंटरलाकेनहून माणशी दोनशे फ्रँकच्या वर पूर्ण तिकीट. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस गाड्या-बोटींतून फिरू देणारा पास, असला तरी तो वाटेतल्या वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड या गावांपर्यंतच चालतो. त्यापुढच्या भाड्यात जेमतेम पाव सवलत मिळते. हाफ फेअर कार्ड या वेगळ्या सवलत-कार्डावर मात्र निम्मं भाडं लागतं. इंटरलाकेनला राहून एक-दोन मोठे डोंगर करायचे असतील, तर महागडा पास घेण्याआधी या कार्डाचा हिशेब जरूर करून बघा. हा हिशेब न करता पास घेतलेले बरेच जण मला भेटले आहेत.

ल्युसर्नकडे एकच एक मोठा डोंगर नाही. तिथे वेगवेगळ्या उंचीचे चार-पाच आहेत, आणि माझ्या लेखी हाच त्याचा मोठा गुण. रिगी १,७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटरने उंच. व्हिट्झनाऊहून रिगीवर चढणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ मध्ये सुरू झाली. युरोपातली ही पहिली डोंगरी रेल्वे. ल्युसर्नहून बोटीने तासाभरात व्हिट्झनाऊ, तिथून गाडीने वर, हा सगळा प्रवास ट्रॅव्हल पासवर फुकट. पिलाटुसची दातेरी रेल्वे १८८९ ची, ४८ टक्के चढाची, जगातली सर्वांत तीव्र. ती हिवाळ्यात बंद असते, मग क्रीन्सच्या बाजूने केबलकारने जावं लागतं. स्टान्सरहॉर्नच्या केबलकारला वरचा मजला उघडा आहे, आणि तीही पासवर फुकट. बर्फच हवा असेल तर ल्युसर्नहून पाऊण तासावर एंगेलबर्ग, आणि तिथून टिटलिस. वरचं स्टेशन तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे. स्वतःभोवती फिरणारी केबलकार तिथे १९९२ पासून आहे. तिकीट युंगफ्राउयोखच्या निम्म्याच्या आसपास, त्यात पासवर आणखी अर्धी सूट.

म्हणजे ल्युसर्नला सकाळी आकाश बघून बेत बदलता येतो. वर ढग असतील तर रिगी, कधी रिगी ढगांच्या वरही निघतो. सगळीकडेच पाऊस असेल तर बोट. सरोवरावर आजही वाफेवर चालणाऱ्या, बाजूला मोठी चाकं असलेल्या पाच बोटी धावतात, आणि त्यातली सर्वांत जुनी ‘उरी’ १९०१ ची. पावसात आतल्या दालनात बसून त्या इंजिनाचे चकचकीत दांडे फिरताना बघणं हा माझा आवडता कार्यक्रम आहे. वाटेत र्‍युटलीचं कुरण लागतं. १२९१ मध्ये तीन प्रांतांनी इथे एकजुटीची शपथ घेतली, अशी परंपरा सांगते. शहरात लाकडी चॅपल पूल आहे. १९९३ च्या आगीत त्याचा मोठा भाग आणि जुनी चित्रं जळाली, पण पूल पुन्हा उभारला. खडकात कोरलेला मरणारा सिंह १८२१ चा, पॅरिसमध्ये १७९२ साली मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांची आठवण. हे सगळं आई-बाबांना रमतगमत, बाकांवर बसत बघता आलं.

मग इंटरलाकेनकडे पावसाळी दिवशी काहीच नाही का? तसं नाही. लाउटरब्रुनेनची दरी आहे, आणि ती पावसात जास्तच खुलते. दोन्हीकडे उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. ऑगस्टमधला माळशेज आठवतो, फक्त कडे आणखी उंच. श्टाउबबाखचा धबधबा सुमारे तीनशे मीटरवरून पडतो आणि खाली येईपर्यंत त्याचा धूर होतो. ट्रुमेलबाखला तर दहा धबधबे डोंगराच्या आत आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी तिथून घुमत खाली येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. लिफ्टने वर जाता येतं, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना ते जड जातं, आणि हिवाळ्यात ते बंद असतं.

म्हणून माझं मत सांगते. पहिलीच खेप, सोबत साठीपुढची माणसं, पाच रात्री: ल्युसर्न. त्यातही रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर तीन हजार मीटरच्या वर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. रिगीवर ती काळजी कमी. मुलं धावती असतील, रोज तीन-चार तास चालायची हौस असेल आणि सकाळी पडदा सारला की हिमशिखर दिसायला हवं असेल, तर इंटरलाकेनची बाजू. पण तेव्हा खुद्द इंटरलाकेनमध्ये न राहता वीस मिनिटांवरच्या लाउटरब्रुनेनला राहा. इंटरलाकेन गाव गजबजलेलं आहे, तर दरीत स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरं मिळतात. रात्री वरणभात करून खाता येतो. सामान शनिवारीच आणा, कारण रविवारी दुकानं बंद असतात आणि बहुधा स्टेशनातलीच उघडी सापडतात. रात्री दहानंतर शेजारी शांतता अपेक्षित असते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

एक मुक्काम घेतला म्हणून दुसरं गाव हुकत नाही. दोघांमध्ये ब्र्युनिग खिंडीतून जाणारी थेट गाडी आहे. साधारण दोन तास, वाटेत एकामागून एक सरोवरं, आणि पासवर हा प्रवास फुकट. सात रात्री असतील तर चार ल्युसर्नला, तीन दरीत. पाच असतील तर बॅगा दोनदा बांधू नका.

आणि युंगफ्राउयोखचं तिकीट भारतातून काढू नका. आदल्या संध्याकाळी अंदाज बघा, सकाळी उठल्यावर वरचा थेट कॅमेरा बघा, मगच काढा. पडद्यावर नुसतं पांढरं दिसलं तर छत्री घ्या आणि ट्रुमेलबाखची वाट धरा.