‘ॲटलस ऑफ एमएस’ : देणग्यांवर चालणाऱ्या एका माहितीसेवेचे परीक्षण

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, असल्याचे निदान झाले, तेव्हा आमच्या घरात या आजाराचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, एवढे डॉक्टरांनी समजावले. पण हा आजार किती जणांना होतो आणि उपचार कोणाला मिळतात, याची उत्तरे मला ‘ॲटलस ऑफ एमएस’ या विनामूल्य संकेतस्थळावर मिळाली.

हे काम लंडनस्थित एमएस इंटरनॅशनल फेडरेशनचे आहे. सिल्व्हिया लॉरी यांनी १९४५ साली, भावाच्या आजारावर काही उपाय सापडेल या आशेने, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छोटीशी जाहिरात दिली होती. त्यातून पुढच्याच वर्षी अमेरिकेतील संस्था आणि १९६७ साली हे फेडरेशन उभे राहिले. मुंबईत १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया याच चळवळीतली आहे.

२०२० च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार जगात २८ लाख लोक एमएससह जगत आहेत, निदानाचे सरासरी वय ३२ वर्षे आहे आणि ८३ टक्के देशांत वेळेवर निदान होण्यात अडथळे आहेत. यातला शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण निदानाला झालेला उशीर हा आपल्याच हलगर्जीपणाचा परिणाम आहे, असे मानून आम्ही बरेच दिवस स्वतःला दोष देत होतो.

प्रयोगशाळेला दिलेली देणगी सर्वांना सहज पटते. मोजणी आणि पाठपुरावा यांना दिलेली मात्र पटत नाही. माझ्या मते ती चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२३ पर्यंत एमएससाठी एकही औषध नव्हते. फेडरेशनचा २०१९ मधील अर्ज मान्य झाला नाही; तरीही संस्थेने पुरावे नव्याने तपासून घेतले, पुन्हा अर्ज केला, आणि जुलै २०२३ मध्ये क्लॅड्रिबिन, ग्लाटिरामर ॲसिटेट व रिटुक्सिमॅब ही तीन औषधे यादीत आली. यांतील रिटुक्सिमॅबला एमएससाठी रीतसर परवाना नसतानाही ते अनेक देशांत या आजारावर वापरले जाते, आणि त्याची भारतीय जैवसमान, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी, आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे आपल्याकडच्या कुटुंबांसाठी या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे.

उणिवाही आहेत. माहिती देशोदेशींच्या तज्ज्ञांनी भरलेल्या प्रश्नावलीतून येते आणि संपूर्ण भारत एका ओळीत मावतो. मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय हाताशी असलेले मुंबई-पुणे आणि त्यासाठी दिवसभराचा प्रवास करावे लागणारे खेडे यांच्यातला फरक त्या ओळीत दिसत नाही. शिवाय फिजिओथेरपी आणि घरच्या शुश्रूषेचा जो खर्च कुटुंबाला महिनोन्‌महिने पेलावा लागतो, त्याचा अंदाज येथे येत नाही. दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ साली एमएसला मान्यता दिली असल्याने प्रमाणपत्र मिळते, पण त्याने रोजच्या शुश्रूषेची सोय होत नाही.

नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने हे संकेतस्थळ अवश्य पाहावे. इंग्रजी अवघड वाटत असेल तर कोणाला तरी शेजारी बसवून पाहावे. देणगी द्यायची असल्यास ती देशातील सोसायटीला द्यावी आणि तिचा काही भाग रुग्णांच्या नोंदणीसाठी वापरावा, असे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे. यंदा मी तसेच केले आहे.