प्रौढ मजकुराची पुस्तके आणि आमचे वाचनालय

आमच्या भागातील वाचनालयाची मी सहा वर्षे वर्गणीदार आहे. ग्रंथसंग्रह उत्तम आहे, दिवाळी अंकांची योजनाही चोख चालते. परंतु शरीरसंबंधांचे मोकळे वर्णन असलेल्या कादंबऱ्या तेथे काउंटरमागच्या बंद कपाटात असतात आणि त्या नाव घेऊन मागाव्या लागतात. मागच्या महिन्यात घरी आणलेल्या अशाच एका कादंबरीतील दोन परिच्छेद कोणीतरी बॉलपेनने इतके गिरवून टाकले होते की कागद फाटला होता, आणि समासात दुसऱ्या हस्ताक्षरात ‘लेखिकेने हे लिहिण्याचे धैर्य दाखवले’ असे पेन्सिलीने लिहिलेले होते.

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मुलांच्या हाती काय पडेल याची पालकांची काळजी मला मनापासून पटते, म्हणूनच बालविभाग वेगळा असावा. पण त्यासाठी प्रौढ वाचकाला चारचौघांत पुस्तक मागायला लावणे अन्यायाचे आहे. ग्रंथपालबाईंनी मात्र माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, खराब प्रत बदलून दिली आणि अशा पुस्तकांत मजकुराची कल्पना देणारी चिठ्ठी लावण्याचे मान्य केले. कपाटाला अजून कुलूप आहे, तरीही मी यंदाची वर्गणी भरली आहे.