खोल समुद्रातल्या टूनाच्या नावाखाली माझे 3,94,899 रुपये गेले. नागपूरकरांनो, सावध राहा

आकडा आधीच सांगतो, म्हणजे ज्याला हसायचं आहे त्याने एकदाच हसून घ्यावं. सेमिनारचे 1,999. समुद्रावरच्या प्रशिक्षणाचे 38,500. फायबर बोटीतल्या चौथ्या हिश्श्याचे 2,75,000. इंजिनाच्या बुकिंगचे 61,000. विम्याचे म्हणून 18,400. एकूण 3,94,899 रुपये. "नागपूरच्या माणसाले समुद्र काऊन पाहिजे होता बे?" हे साळ्यापासून पानठेल्यावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. गळाला लागल्याचा विनोदही झाला आहे, तो कृपा करून पुन्हा नको.

गळ मी लहानपणापासून टाकतो. उमरेडकडच्या धरणांवर रोहू-कटला काढत रविवार गेले. त्यामुळे वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात "छोट्या बोटीतून टूना : छंद आणि उत्पन्न" असा सेमिनार आहे म्हटल्यावर मी जाणारच होतो. माझ्यासारखे वीस-पंचवीस जण होते. दोन बँकेतले, एक निवृत्त प्राध्यापक. म्हणजे अडाणी माणसांचा बाजार नव्हता तो.

आणि सेमिनार घेणारा तो "सर" जे बोलायचा त्यातलं बहुतेक खरं होतं, हे लिहिताना आजही चीड येते. पाखरं एका जागी पाण्यावर झेपावताना दिसली की खाली बारीक मासळीचा थवा असतो आणि त्याच्या मागे टूना. थव्यात बोट घालायची नाही, कडेने जायचं, खोटं आमिष सहा ते आठ नॉटच्या वेगाने मागे ओढत. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथाई-तिहाईवर ठेवायचा, नाहीतर पहिल्याच धावेत दोरी तुटते. मासा वर आला की लगेच रक्त काढून बर्फात, कारण टूनाचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं. उशीर झाला तर मांसात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. हे सगळं मी नंतर तपासलं. सगळं बरोबर. इतकं खरं सांगणाऱ्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

मग त्याने पडद्यावर बातमी लावली. जानेवारी 2019, टोकियोचा तोयोसू बाजार, 278 किलोचा एक टूना 33 कोटी 36 लाख येनला विकला गेला. बातमीही खरी. फक्त तो होता ब्लूफिन जातीचा टूना, आणि ब्लूफिन आपल्या अरबी समुद्रात मिळत नाही. आपल्याकडे किनाऱ्याच्या बाजूला मिळतो तो कुपा, म्हणजे छोटा टूना, त्याला सुरमईच्या आसपासही भाव येत नाही. यलोफिन ही मोठी जात आहे, पण तो बाहेर, खोल पाण्यात. हे त्या हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार? सगळेच नागपूरचे.

त्यानंतरचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पांढरी छोटी बोट, दोन माणसं, मधे भलामोठा मासा. "आपली मागच्या सीझनची बोट, सिंधुदुर्ग." त्या दोघांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या होत्या आणि अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेली जाड जॅकेटं. कोकणात! माझ्या बाजूला बसलेला हळूच म्हणाला, "यायले थंडी वाजून राहिली वाटते." आम्ही दोघं हसलो. हसलो आणि पुढची स्लाइड पाहिली. बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांकही नव्हता. आपल्या राज्यातल्या मासेमारी बोटीवर आयएनडी-एमएच ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो. ज्या बोटीत हिस्सा विकत आहेत तिचा क्रमांक मागा. "नोंदणी प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं की खुर्ची सोडा.

पण ज्या गोष्टीने रात्री झोप लागत नाही ती टोपी नाही, तारीख आहे. प्रशिक्षण 10 ते 14 जून. व्हॉट्सअॅपवर स्पष्ट लिहिलेलं. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. कोकणातलं शेंबडं पोर हे सांगेल. आम्हाला काय माहीत? नारळी पौर्णिमा आमच्याकडे राखीपुरती. उलट मला ती तारीख सोयीची वाटली. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, मुलालाही नेता येईल म्हणून त्याचे वेगळे पैसे लागतील का, हेसुद्धा मी विचारलं होतं. तो म्हणाला, "मुलाचं फ्री जी, आपल्या घरचंच समजा."

समुद्र समुद्रकाठच्या माणसाला असा विकता येत नाही. म्हणून हे लोक नागपुरात येऊन विकतात.

जूनमध्ये सामान घेऊन गेलो. गाव सांगत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. पाऊस कोसळत होता. सगळ्या होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकलेल्या. "सर"चा फोन बंद. एका पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्या हातातला रॉड पाहिला, मग मला पाहिलं. "खंयसून इलात? ह्या दिवसांत दर्यात कोण जाता काय?" सांगितलेल्या पत्त्यावर लॉज होता, आणि लॉजवाल्याने ते नाव ऐकलंही नव्हतं. मुलगा काही बोलला नाही, परतीच्या गाडीतही.

पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेलेत. व्यवसायाचे पैसे माणसांच्या नावावर मागितले की तिथेच थांबा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा 27 असतो. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, दोन मिनिटं लागतात.

आता सरकारी पाहुणचार ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे कधी पाठवले? एप्रिल-मे. मग आता खात्यात काही उरलं नसणार, तरी तक्रार नोंदवा. नोंदवली, क्रमांक आला, पुढे काही नाही. शहरातल्या एका ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, बोट तिकडची, प्रशिक्षण तिकडचं, तिकडे तक्रार करा. तिकडे फोन केला. ते म्हणाले, पैसे नागपुरात दिले ना, मग नागपुरात करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते, याला झिरो एफआयआर म्हणतात. हे मी म्हटल्यावर साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वकील आहे का तुम्ही?" नाही, इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "मग दुकान पाहा." शेवटी माझा अर्ज घेतला तोही साध्या कागदावर, शिक्का द्यायला अर्धा तास. मासेमारी पाहणाऱ्या खात्यातल्या बाबूचं तर्कशास्त्र तर सोन्याने मढवावं असं: ती बोट आमच्याकडे नोंदलेलीच नाही, म्हणून तो आमचा विषय नाही. अहो, नोंदलेली नाही हीच तर तक्रार आहे! बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः पिन टाकला. होय, टाकला. वीज बिल भरतानाही मीच टाकतो.

तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे कोणीही सांगितलं असतं की समुद्रात राज्याची हद्द 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. यलोफिन त्याच्या कितीतरी पुढे. आणि एका आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत, व्हीएचएफ वायरलेस नसताना, नवशिक्यांना तिथे नेणं म्हणजे जिवाशी खेळ. एका अर्थाने बोट नव्हती तेच बरं झालं, असं बायको म्हणते. "लाइफ जॅकेट" म्हणून पाठवलेलं ते पोहण्याच्या तलावावरचं थर्माकोलचं होतं, त्याचा बेल्ट घरीच तुटला.

खरंच शिकायचं असेल तर नारळी पौर्णिमेनंतर कोकणात जा, आधी एखाद्या तांडेलाबरोबर, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याबरोबर, किनाऱ्याजवळ दिवस काढा, पैसे बोटीवरून उतरल्यावर द्या. हिस्सा-बिस्सा कोणाकडूनही घेऊ नका.

वकिलाचं म्हणणं असं की एकट्याची तक्रार धूळ खाईल, पण अनेक गुंतवणूकदार एकत्र आले तर आर्थिक गुन्हे शाखेकडे जाता येईल आणि 1999 चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा लागू करण्याची मागणीही करता येईल. त्या हॉलमधले आतापर्यंत सहा जण तयार आहेत. प्राध्यापक नाही म्हणाले, सुनेला कळेल म्हणून. बाकीच्यांनी लाज बाजूला ठेवून पावत्या, बँकेची स्टेटमेंट आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट घेऊन यावं. झेरॉक्सच आणा, मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.