वर्गमित्र, वरच्या वर्गातली ताई की सगळा वर्ग?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दुसऱ्या मुलाच्या मदतीनं शिकवायचं ठरलं, की मुख्यतः तीन पर्याय असतात: वर्गातल्याच एका मुलाशी पक्की जोडी, वरच्या वर्गातली ताई किंवा दादा, नाहीतर सगळ्या वर्गाच्याच जोड्या. बहुतेकांचं मन आधी पक्क्या जोडीकडे वळतं. मला विचाराल तर सगळ्यात जपून निवडावा असा पर्याय तोच.

दोघांचा वर्ग एक, धडा एक, सुट्टीही एकच, हा त्यातला खरा फायदा. पण एकानं कायम सांगायचं आणि दुसऱ्यानं कायम ऐकायचं, असं चाललं की मैत्री जाऊन नुसती देखरेख उरते. त्यात जोडीला हमखास वर्गातला हुशार मुलगा बसवला जातो. समोरचा विचार करतोय तोवर हा उत्तर सांगून मोकळा! इथे हुशारीपेक्षा धीर लागतो. हाच पर्याय घ्यायचा असेल तर तीन-चार मुलांना आळीपाळीनं बसवा.

एखादं ठरावीक कौशल्य पक्कं करायचं असेल, म्हणजे घड्याळ बघणं, नाणी ओळखणं, पाट्यांवरचे नेहमीचे शब्द वाचणं, तर वरच्या वर्गातलं मूल उत्तम. त्याला पद्धत नेमकी शिकवता येते. कार्ड दाखवायचं, ‘हे काय?’ विचारायचं आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत उत्तर लगेच स्वतःच सांगायचं. मुलानं ते म्हणायचं. पुढच्या फेऱ्यांत विचारून झाल्यावर मनातल्या मनात चारपर्यंत मोजायचं. आलं तर शाबासकी, नाही आलं तर उत्तर सांगून पुन्हा म्हणून घ्यायचं. ते चार आकडे गप्प बसणंच शिकवणाऱ्या मुलांना सगळ्यात जड जातं, म्हणून सराव त्याचाच करून घ्यावा. अडचण एकच, दोन वर्गांची वेळापत्रकं जुळणं.

सगळ्या वर्गाच्या जोड्या लावायला मेहनत जास्त, तरी माझा कल तिकडेच. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 1980च्या दशकात आकाराला आलेल्या पद्धतीत साधारण 10 मिनिटं एकानं शिकवायचं, मग अदलाबदल. बरोबर उत्तराला 2 गुण. चुकलं तर जोडीदार योग्य उत्तर सांगतो, ते तीनदा लिहिलं की 1 गुण. म्हणजे चूक दुरुस्त केली तरी पदरात काहीतरी पडतंच. प्रत्येकाची कार्डं त्याच्या पातळीची ठेवली, तर जोडीदाराच्या वीस अवघड शब्दांसमोर या मुलाची पाच चित्रंही तेवढीच मोलाची ठरतात. शिकवायची पाळी आली की? कार्डाच्या मागे उत्तराचं चित्र काढा, पडताळून बघणं त्याला जमतं. रोज कोणाकडून तरी मदत घेणारं मूल इथे दुसऱ्याला ‘बरोबर’ म्हणतं, हे बाकीच्या दोन रचनांत सहसा घडत नाही. गोंगाट मात्र गृहीत धरा.

मोठं माणूस शेजारी बसवण्याचा पर्यायही पुढे येईल. काही मुलांना त्याची गरज असतेच. पण ते सतत चिकटून बसलं की इतर मुलं जवळ फिरकत नाहीत.

जोडीदार मुलाला या मुलाच्या अक्षमतेचं निदान सांगायचं कारण नाही. मदत कशी करायची तेवढं सांगा. शिस्त लावणं किंवा शौचाला नेणं त्याच्या गळ्यात घालू नका. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी स्वतः कार्डं विचारावीत. दोन-तीन आठवडे गाडी हलत नसेल, तर आधी कार्डं बदलून बघा, मग जोडी.