परसातला कंकर की विकतची कळी? वाड्याच्या दुरुस्तीचा चुना

देशावरच्या जुन्या वाड्याच्या परसात खणताना लाल भाजलेली माती, राख आणि पांढरी भुकटी एकत्र लागली, तर तिथे बहुधा चुन्याची भट्टी होती. शेजारच्या लिंबाची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर जमिनीत चुना अजून असावा. मग वाड्याच्या दुरुस्तीला तोच कंकर, म्हणजे जमिनीतले माती मिसळलेले चुन्याचे खडे, भाजावा की कळी, म्हणजे भाजलेल्या शुद्ध चुन्याचे ढेकूळ, विकत आणावी?

कंकराची बाजू लंगडी नाही. त्यातली चिकणमाती चुन्यासोबत भाजली जाते, म्हणून तो ओलीतही धरतो, म्हणजे घट्ट होतो. जोतं, विहिरीचं बांधकाम इथे तो सरस. नुसती कळी जाड भिंतीच्या पोटात हवेअभावी वर्षानुवर्षं मऊ राहते. तिला सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, लागतेच.

अडचण येते गिलाव्यात. घरच्या भट्टीत एक खडा कच्चा राहतो, दुसरा जळतो. कच्चा निरुपद्रवी, वाळूसारखा पडून राहतो. जास्त भाजलेला, जळका मात्र उशिरा विरी जातो, म्हणजे पाणी पिऊन फुटतो, कधी गिलावा वाळल्यावर कित्येक आठवड्यांनी, आणि फुगून खपली उडवतो. खपलीमागे पांढरा कण दिसला की समजावं. असे खडे कळीतही निघतात, पण ती हौदात पाण्याखाली दोन-तीन महिने मुरवता येते, बारीक जाळीतून गाळता येते. भाजलेला कंकर मुरवायला ठेवला तर हौदातच धरतो! पूर्वी चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक हे खडे चिरडायचं. आजचा मिक्सर नुसता कालवतो.

तरी कंकरच वापरायचा असेल तर आधी चूर करून पातळ ॲसिडमध्ये टाका. फसफस थांबल्यावर तळाशी उरते ती माती-वाळू. प्रत्येक ढिगात तिचं प्रमाण वेगळं निघालं, तर चुनाही एकसारखा मिळणार नाही. भाजण्यापूर्वी खडे धुऊन दोन इंचांपर्यंत फोडा.

गिलाव्याला आमचा कल कळीकडे: 1 पाटी मुरलेला चुना, 1 सुरखी, 2 वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, कालवलेला माल त्याच दिवशी संपवायचा, आणि निदान आठवडाभर भिंत ओली. कळी विरवताना पाण्यात कळी सोडा, कळीवर पाणी ओतू नका. उकळता चुना डोळ्यात उडतो.

आणि भट्टीचा खड्डा राखेने भरलेला असेल, तर त्यावर पाण्याची टाकी बांधू नका. राख दबते, टाकी कलते.