वजन कमी करण्याचं इंजेक्शन आणि मळमळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेते म्हटलं की "किती किलो उतरलं?" हा पहिला प्रश्न, आणि "मळमळ होते का गं?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं, म्हणून इथे फक्त दुसऱ्याबद्दल लिहिते. मळमळ होते. पण ती कुठल्या दिवशी आणि कशाने येते हे ओळखता आलं की बरीचशी आटोक्यात येते. उरलेली डोस वाढवायची घाई न केल्याने.

मी कोथरूडची, पंचेचाळिशी ओलांडलेली, टाइप २ डायबेटिसवाली. डॉक्टरांनी टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन सुरू केलं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. भारतात हे मार्च २०२५ मध्ये मौंजारो नावाने आलं तेव्हा कुपीत मिळायचं, २.५ मिलिग्रॅमची कुपी ३५०० रुपये आणि ५ ची ४३७५. पुढे पेन आलं. सुईबद्दल काही लिहीत नाही, साखर तपासायला बोट टोचतो त्याहून ती कमी दुखते.

सुरुवातीचे चार आठवडे २.५ चा डोस असतो तो शरीराला सवय व्हावी म्हणून. त्यात मला फारसं काही झालं नाही. ५ वर गेल्यावर खरी ओळख झाली. सकाळी उठल्यापासून घशाशी आल्यासारखं, तोंडाला पाणी सुटतंय, उमासे येतात पण उलटी होत नाही. शिवाय करपट ढेकर, तोही सडक्या अंड्याच्या वासाचा. कारण साधं आहे: या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूतल्या भूक-मळमळीच्या केंद्रांवरही परिणाम होतो. रात्री नऊला खाल्लेली पुरी-भाजी सकाळपर्यंत पोटात मुक्कामाला असल्यासारखी वाटते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या याच औषधाच्या सर्माउंट-१ या ७२ आठवड्यांच्या चाचणीत ५ मिलिग्रॅमवर साधारण चारातल्या एकाला आणि १० वर तिघांतल्या एकाला मळमळ झाली होती, बहुतेकांना डोस वाढवण्याच्या काळात. त्यामुळे आपल्यालाच काहीतरी विचित्र होतंय असं समजू नका.

आता वाराबद्दल, कारण माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक त्याने पडला. ओळखीतले बहुतेक जण शुक्रवारी रात्री घेतात, म्हणजे त्रास झालाच तर शनिवार-रविवार घरी पडून राहता येतं. हिशेब बरोबर आहे, पण पुण्यात रविवार म्हणजे सकाळी मिसळ, दुपारी कुणाकडे तरी जेवण आणि संध्याकाळी मुलांना मस्तानी हवी. माझी मळमळ इंजेक्शननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जास्त असते, आणि नेमके तेच दिवस तर्रीच्या वासात जायचे. डॉक्टरांना विचारून मी वार बदलून सोमवार रात्र केली. वार बदलता येतो, मात्र दोन डोसमध्ये किमान तीन दिवस, म्हणजे ७२ तास जायला हवेत. आता त्रासाचे मंगळवार-बुधवार ऑफिसात जातात, डबा माझा, प्रमाण माझं, कुणाचा आग्रह नाही.

रिकाम्या पोटीही मळमळ होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भूकच नसते म्हणून दुपारपर्यंत काही पोटात जात नाही, आणि मग तीनच्या सुमाराला डोकं गरगरून उमासे सुरू होतात. त्यामुळे भूक असो-नसो, दर अडीच-तीन तासांनी थोडं खाते: मुगाचं छोटं धिरडं, वाटीभर दही, दोन चमचे मटकीची उसळ, राजगिऱ्याचा लाडू. वाईट दिवशी मऊ भात, मेतकूट आणि अगदी थेंबभर तूप. तेलकट आणि तळलेलं पहिल्या दोन दिवसांत पूर्ण बंद. पोट भरल्याची जाणीव उशिरा येते, म्हणून अजून दोन घास जातील असं वाटतं तिथेच हात धुते. त्या शेवटच्या दोन घासांनीच रात्रीची झोप गेलेली आहे. "जेवूनच आला असाल" म्हणून पुणेकरांची जी थट्टा होते, ती खरी असती तर बरं झालं असतं. आमच्याकडच्या मावश्या-काकू पानावरून उठू देत नाहीत.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. त्यानंतर निदान दोन तास आडवं व्हायचं नाही, सोसायटीत दोन फेऱ्या मारायच्या.

रिकाम्या पोटी अमृततुल्यचा चहा मात्र सोडावा लागला, याचं खरंच वाईट वाटतं. दूध, साखर आणि वेलदोड्याचा वास तिन्ही एकदम नको होतात. सकाळी गवती चहा आणि आलं, दुधाशिवाय. सासूबाईंचा उपाय साळीच्या लाह्यांच्या पाण्याचा: मूठभर लाह्या पाण्यात भिजवायच्या, तासाभराने गाळून चिमूटभर मीठ-साखर घालून घोट घोट प्यायचं. मी आधी नुसतं "हो आई" म्हणून सोडून दिलं होतं, आता मंगळवारी बाटली भरून ऑफिसला नेते. आलेपाकाची वडी पर्समध्ये असते, पण डायबेटिस असेल तर साखरेचा हिशेब ठेवा. पाणी जेवताना ढसाढसा पिऊ नका, मधल्या वेळात थोडं थोडं प्या. एप्रिल-मेच्या उन्हात हे विसरलं की डोकेदुखी आणि मळमळ दोन्ही वाढतात.

बद्धकोष्ठतेचा आणि मळमळीचा संबंध आहे हे लक्षात ठेवा. पोट दोन-तीन दिवस साफ झालं नाही की माझी मळमळ दुप्पट होते. डॉक्टरांनी मळमळीवरची ऑन्डान्सेट्रॉन गोळी दिली होती, मळमळ थांबली पण पोट आणखी जड झालं, म्हणून आता ती फक्त अगदीच सहन होत नसेल तेव्हा. रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी, हे मला जास्त लागू पडलं. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनेही मळमळ होऊ शकते, त्यामुळे दोन्ही चालू असतील तर दोष कुणाचा हे डॉक्टरांना ठरवू द्या. मनाने काहीही बंद करू नका.

७.५ वर गेले तेव्हा तिसऱ्या आठवड्यात दोनदा उलट्या झाल्या आणि फोडणीचा वास आला की स्वयंपाकघरातून पळ काढावा लागायचा. डॉक्टरांनी परत ५ वर आणलं. १५ पर्यंत डोस जातो हे खरं, पण चार आठवडे हा वाढीआधीचा किमान काळ आहे, दर महिन्याला वाढवलंच पाहिजे असा नियम नाही. ओळखीतल्या काही जणी एकमेकींचे डोस विचारून शर्यत लावतात, ते मला पटत नाही. माझं वजन ५ वरही उतरतंय, सावकाश.

काही गोष्टींना मळमळ समजून घरी बसू नका. पोटात जोरात दुखून ते पाठीकडे जात असेल, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयाचे खडे असू शकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मळमळीबरोबर घाम आणि थरथर आली की आधी साखर तपासा. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी सुरू करताना आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरा उपायही वापरायचा असतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर हे औषध घ्यायचंच नसतं.

पुढच्या भेटीत ७.५ चा विषय पुन्हा निघेल. डॉक्टरांना सांगणार आहे, लग्नसराई उरकेपर्यंत ५ च ठेवू. दोन मुंजी आणि एक डोहाळजेवण अजून बाकी आहे.